दगड दिला की घर

"तात्या, दगड ठिवा खाली," ऋषिराज म्हणाला.

झुंबरचा हात दगडी डोणीतच थांबला. त्यानं पुतण्याकडे पाहिलं, मग हातातल्या काळ्या दगडाकडे. दसरा होऊन चार दिवस झाले होते. उजनीचं पाणी काठोकाठ भरलं होतं आणि त्यावर धुकं इतकं दाट होतं, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठून लागतं ते सांगता येत नव्हतं.

"का रं?"

"आज तुमी होडी काढायची न्हाय."

"मग कोन काढनार? तू? पयल्यांदा होडीत बसिवला तवा भिऊन माझ्या धोतरात मुतलावतास."

डोणीभोवतीची सात-आठ माणसं हसली. ऋषिराज हसला नाही. तो हिंदुरावांकडे वळला. गावात कुणी कुणाला हुकूम करत नाही, पण हिंदुराव बोलले की पुढं कुणी बोलत नाही.

"आबा, तुमीच सांगा ह्यास्नी. परवा वल्ही पान्यात सोडून नुसतंच बसल्यालं. त्येच्या आदी पल्याडच्या काठाला जाऊन लागलं आन् तितल्या बाईला इचारलं, आमचं घर कुठशीक हाय. आन् आपला नेम असा, की दगड सारखं झालं तर थोरल्यानं थांबायचं. ह्येंच्यापरीस थोरला कोन हाय आता? रोज ह्येच मागं ऱ्हानार. उद्या काय झालं तर चुलतीला काय सांगू?"

हा नेम इथं सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्याला मात्र सांगावा लागतो. आमची गावं दोन आहेत, एक वरचं आणि एक पाण्याखालचं. वरच्या गावाच्या पायथ्याशी धरणाचं पाणी हाताच्या बोटांसारखं जमिनीत शिरलं आहे. एकेका बोटात तीन-चार होड्या बांधलेल्या असतात, आणि कुणाची होडी आली, कुणाची नाही, हे एका जागी उभं राहून दिसत नाही. सगळ्यांची वाट मात्र डोणीवरून जाते. डोणी जुन्या गावातली, गुरांना पाणी पाजायची. गाव उठलं तेव्हा बैलगाडीत घालून वर आणलेली. तिच्यात एकवीस दगड आहेत. एके काळी होड्या तेवढ्या होत्या, आता सोळा-सतरा उरल्यात.

सकाळी जाताना प्रत्येकानं एक दगड उचलायचा. पाण्यावर दोन होड्या शेजारी आल्या, की ज्याच्याकडे कमी दगड त्यानं आपले सगळे दुसऱ्याला द्यायचे. सारखे असले तर धाकट्यानं थोरल्याला. ज्यानं दिले त्यानं थेट घर गाठायचं. दगड दिला की घर, असंच म्हणतात. ज्याच्याजवळ दगड आहे त्याला काठाला लागायची मुभा नाही. जाळी ओढायच्या आधीच दगड द्यावा लागू नये म्हणून सकाळच्या पारी लोक एकमेकांना चुकवत फिरतात, आणि दुपारनंतर शोधत फिरतात. असं होत होत दिवस कलायला सगळे दगड एका होडीत जमतात. ती कुणाची असेल, हे सकाळी कुणालाच माहीत नसतं. तो शेवटचा माणूस डोणीच्या काठावर सात-सातच्या तीन ओळी मांडतो. ओळी भरल्या तर सगळे आले. एक जरी कमी पडला, तर कुणीतरी मागं राहिलंय. मग त्यानंच उभ्या पायानं परत फिरायचं. मोबाइल आता सगळ्यांकडे आहेत, पण मधल्या पाण्यावर रेंज नसते.

"सर, तुमी काय म्हनता?" हिंदुरावांनी मला विचारलं.

मला कुणी काही विचारेल असं मला कधीच वाटत नाही. मी बारामतीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचण्यात जन्म गेला, आतलं थोडंच वाचलं. निवृत्त झाल्यावर वडिलांना धरणाच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या. रोज सकाळी डोणीपाशी येऊन बसायचं आणि माणसं पाण्यावर जाताना पाहायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. झुंबर आणि मी जुन्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत एका वर्गात होतो. मला नुसतं 'भानुदास' म्हणणारा तो एकटाच उरला होता.

मी बोललो, ते करुणामुळं. करुणा माझी मुलगी, बंगळूरला संगणकशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय मला बरीच वर्षं कळला नव्हता आणि कळला नाही हे तिला सांगण्याचं धैर्यही झालं नव्हतं. उन्हाळ्यात ती आली तेव्हा तीन संध्याकाळी डोणीपाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आप्पा, अहो, हाच तर माझा विषय."

"दगड?"

"दगड म्हणजे... असं समजा, पुष्कळ छोटी छोटी यंत्रं आहेत. एकेकट्याला अक्कल जवळजवळ नाही. एक-दोन गोष्टींपलीकडे काही लक्षात राहत नाही. वर हुकूम सोडणारा कुणी नाही. कोण कुणाला कधी भेटेल त्याचा भरवसा नाही. फक्त दोघं भेटले, की दोघांनी एक साधा नियम पाळायचा आणि आपापल्या वाटेनं जायचं. एवढ्यावर ती सगळी मिळून मोजतात, आपल्यातला एक निवडतात, कौल कुणाकडं जास्त आहे ते ठरवतात."

"आणि सगळ्यांना सगळे भेटत नसतील तर?" मी भीत भीत विचारलं. "या होड्या मनाला येईल तशा फिरत नाहीत. पडक्या भिंतींत जाळी अडकतात. म्हणून जुन्या गावच्या रस्त्यांवरूनच वल्हवतात. खाली गल्ली असेल तिथंच वर वाट."

करुणा माझ्याकडे पाहतच राहिली. "मग तो आलेख झाला, आप्पा. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघ असेल तिथंच भेट. वेळ जास्त लागतो, पण सगळं एकमेकांना कुठून तरी जोडलेलं असलं की शेवट तोच होतो." मग म्हणाली, "त्यांना एकच गोष्ट जमत नाही. काम पुरं झालं, हे त्यांच्यातल्या कुणालाही आतून कळत नाही. बाहेरून बघणाऱ्यालाच कळतं."

"म्हणून डोणी," मी म्हणालो.

ती हसली. चौतीस वर्षांत मला कुणी शहाणा म्हटलं नव्हतं, तिनंही म्हटलं नाही. पण ते हसणं मी जपून ठेवलं होतं.

आणि आता तेच काढून मी सगळ्यांपुढं ठेवलं. उभा राहिलो. म्हणालो, "या कामाला आठवण लागत नाही. त्यातच याची गंमत आहे. कालचं, परवाचं, कुणाचं नाव, काही लागत नाही. हातात दगड आहे की नाही, एवढं हाताला कळलं तरी पुरे. झुंबरच्या हाताला ते कळतं. आणि त्याला विसर पडला तर आपण ज्या दगडांची वाट पाहतो, ते दगडच त्याला शोधायला माणूस पाठवतील. त्याला घरी बसवलं तर त्याला शोधायला कोण जाणार?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं एवढं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"आता सर बोललं, म्हंजी छापूनच आलं की," हिंदुराव म्हणाले. माणसं पुन्हा हसली. "जाऊ दे त्येला, ऋषी. बगू दिवाळीपतूर."

ऋषिराजनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं. वर पाहिलं तेव्हा झुंबर धुक्यात गेलेला होता.

तो अकराच्या सुमाराला परत आला. डोणीपाशी थांबून त्यानं दोन्ही तळवे मला उघडे करून दाखवले.

"दिला."

"कुणाला?"

त्यानं विचार केला. "होता कोनतरी. चार व्हतं त्येच्याकडं." आणि हसला. "चिलापी लई घावली आज. बना कालवण करील, ये जेवायला."

मी गेलो नाही, आनंदानं मला भूकच राहिली नव्हती. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. दुपारभर मी बाभळीखाली बसून करुणाला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. दोनच्या पुढं वारं सुटलं. परतीच्या पावसाचं वारं, पाऊस न आणता नुसतंच आलेलं. पाण्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. माणसं माशांची खोकी घेऊन एकेक करून डोणीवरून घराकडे गेली.

चारच्या सुमाराला ऋषिराज आला. आज शेवटचा तोच होता. टॉवेलच्या झोळीतले दगड त्यानं डोणीच्या काठावर ओतले, आतले बाहेर काढून त्यांत मिसळले आणि मांडायला लागला. सात. सात. तिसऱ्या ओळीत सहा.

त्यानं पुन्हा मांडले. मी टॉवेल झटकून पाहिला. डोणीच्या तळाशी हात फिरवला.

"कमी हाय एक," ऋषिराज म्हणाला. पाण्याकडे पाहिलं. मग आला त्या वाटेनं उतरून गेला. मी हाक मारली, ती वाऱ्यानं माझ्याच तोंडावर परत आणून टाकली.

हिंदुराव आले. त्यांनी घराघरांत फोन लावायला सुरुवात केली. काही उचलले गेले, काही नाही. न उचललेल्यांच्या घरी मोटरसायकली गेल्या. तासाभरात कळलं, की सगळे घरी आहेत. सगळ्या होड्या बांधलेल्या आहेत. सोळा माणसं, सोळा होड्या. ऋषिराज धरून सतरा.

"मग ऱ्हायलंय कोन?" हिंदुराव म्हणाले.

मी उठलो आणि झुंबरच्या घराकडे चालायला लागलो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बनाबाई, झुंबरची बायको, अंगणात धुण्याच्या दगडापाशी बसली होती. पुढ्यात झुंबरची कोपरी ओली न करता तशीच पडलेली. मला पाहून तिनं मूठ उघडली. तळहातावर काळा गुळगुळीत दगड होता.

"खिशात घावला. म्या इचारलं, अवं ह्यो कुनाचा? तर म्हनत्यात, दादाचा. सकाळी दादा घ्यायचं इसरला म्हनून म्या त्येचा बी उचलला. त्यो आला की त्येचा त्यो दील."

दादा म्हणजे मोहनराव, झुंबरचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी इंदापूरच्या दवाखान्यात गेला. ऋषिराजचा बाप, त्याचे आण्णा.

सकाळी सगळे माझ्याकडे पाहत असताना झुंबरनं दोन दगड उचलले होते. एक आपला, एक भावाचा. आपला त्यानं नेमाप्रमाणं दिला होता. भावाचा त्याला देता येत नव्हता, कारण तो त्याचा नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं होतं, की विसरणारा माणूस चालतो. झुंबर विसरला नव्हता. त्याला आमच्यापेक्षा एक माणूस जास्त आठवत होता.

"मग ऋषी कुनाला हुडकतोय, सर?" बनाबाईनं विचारलं; ऋषी परत फिरल्याचं तिला फोनवर कळलं होतं. आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिनं पदर तोंडाशी धरला. पोरगं भर वाऱ्यात आपल्या मेलेल्या बापाची होडी शोधत होतं.

झुंबर उंबऱ्यात बसून चहा पीत होता. दुपारची झोप झालेली, चेहरा ताजा.

"भानुदास, दादा आला न्हाय अजून?"

मी खाली पाहिलं.

"म्हंजी आला न्हाय." त्यानं बशी खाली ठेवली. "आपल्या हिरीवर असंल. वारं सुटलं की त्यो तितंच जाऊन थांबतोय. तितं टेकाडाचा आडोसा हाय." तो उठला, बनाबाईच्या तळहातावरचा दगड त्यानं सहज उचलून घेतला आणि वाटेला लागला.

"अवं! अवं, कुठं निगाला? सर, आडवा की ह्यास्नी!"

त्याची होडी घराच्या खालीच बांधलेली, चाळीस पावलांवर; एरवी दगडासाठी तो डोणीवरून वळसा घेऊन तिथं यायचा. मी त्याच्या मागं धावलो. अडवणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. दोरी सुटली, होडी हलली, तेव्हा मला एकच करता आलं. मी आत पाय टाकला. मला पोहता येत नाही.

वारं आलं तसं पडलं होतं. पाणी शिशासारखं झालं होतं, जड आणि उजळ. सूर्य ढगांमागं कुठंतरी होता आणि सगळीकडून सारखाच उजेड येत होता. काठ दिसेनासा झाला. झुंबरची वल्ही पाण्यात पडायची, निघायची. दर खेपेला थेंबांची एक ओळ पाण्यावर उमटून पुसली जायची. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं, आणि भीतीही कधी एवढी वाटली नव्हती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

"ही आपली शाळा," झुंबर म्हणाला. खाली पाहण्याची त्याला गरज नव्हती. वल्ह्यांवरून त्याला कळत होतं. "पत्र्याची. आठवतीया?"

"आठवते."

"हितून उजवीकडं चावडी. आता मारुतीच्या म्होरून जायाचं. ह्या भिताडाला जाळं अडाकतंय, जरा अंगानं जाऊ." होडी सावकाश वळली, जिथं माझ्या डोळ्यांना पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं तिथं एक कोपरा घेऊन. "आता सुताराची आळी. त्येच्या म्होरं पाटलाची. तू आलावतास का रं कधी ह्या आळीत?"

"नाही," मी म्हणालो.

वल्हं एकदा पाण्याबाहेर थांबलं. "व्हय की. तुमची वस्ती ओढ्याच्या अंगाला." पुन्हा वल्हं पडलं. "पान्यानं आदी तुमचीच नेली."

"हो."

"आता जातोय बग आपुन," तो म्हणाला. "बिनघोर जातोय."

आम्ही पाटलाच्या आळीतून गेलो. मी होडीच्या काठावरून हात सोडला, बोटं पाण्यात बुडवली. पाणी वरून गार आणि खालून कोमट होतं. मला वाटलं, खाली कुणीतरी अंगणात सडा घालत असेल आणि वर पाहील, तर तिला आमच्या होडीचा तळ ढगासारखा सरकताना दिसेल. असले विचार मी सहसा कुणाला सांगत नाही.

टेकाड धुरकट दिसायला लागलं. त्याच्या आडोशाला एक होडी उभी होती.

"कोन हाय?" ऋषिराजचा आवाज आला. आवाज अगदी मोहनरावांचा. सकाळी डोणीपाशीही हाच आवाज झुंबरनं ऐकला होता, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

झुंबरनं वल्ही उचलून धरली. होडी आपोआप पुढं गेली, दुसरीच्या अंगाला लागली.

"दादा?"

ऋषिराजचे हात सालटले होते. अंगातला शर्ट ओला होता. त्यानं चुलत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळे घरी पोचले, ऋषिराज," मी म्हणालो. "कुणी राहिलेलं नाही. दगड झुंबरच्या खिशात होता."

"ह्यांनी तर दिला सकाळी. आपल्या रंगाच्या होडीत टाकल्याला म्या बगितलाय. मग ह्यो कुनाचा?"

मी उत्तर देण्याआधीच झुंबरनं दगड पुढं केला.

"तुझाच हाय. सकाळी उचलायचा इसरलास. म्या घेतला. आता तुझा दगड म्या दुसऱ्याला कसा दिऊ? दिसभर हुडकतोय तुला."

ऋषिराज त्या दगडाकडे पाहत राहिला. चारपासून तो एक होडी शोधत हिंडला होता, प्रत्येक भिंतीपाशी, प्रत्येक झाडाच्या जागेपाशी. ती कुणाची होती हे त्याला आता कळत होतं. त्याचा चेहरा आधी रागानं आवळला. मी ते पाहिलं. आता तो ओरडेल असं वाटून मी होडीची कड घट्ट धरली. मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू सैल झालं, जाळ्याची गाठ पाण्यात सुटते तसं.

त्यानं हात पुढं केला. झुंबरनं त्यात दगड ठेवला.

"दिला," झुंबर म्हणाला. "आता म्या जातोय घरी. तू बी लई येळ थांबू नगंस. वैनी काळजी करती."

ऋषिराजनं मूठ मिटली.

"जा तू, झुंबऱ्या," तो म्हणाला. "म्या येतोय मागनं."

परतताना झुंबरनं आळ्यांची नावं घेतली नाहीत. तो गुणगुणत होता. ऋषिराजची होडी आमच्या मागं बऱ्याच अंतरावर येत राहिली, जवळ आली नाही.

रात्री करुणाला फोन केला आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती हेही सांगितलं. तिनं सगळे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "आप्पा, आमच्यात कमी आठवणारे चालतात. जास्त आठवणारा आला तर काय करायचं, यावर मी अजून काही वाचलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोणीपाशी जाऊ नये असंच मला वाटत होतं. गेलो. कालची गोष्ट सगळ्यांना कळली होती. सभा कुणी बोलावली नव्हती. एकानं दुसऱ्याला सांगितलं होतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि काहीतरी ठरलंही होतं. काय ते मला कुणी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही एकमेकांना पुरतं सांगता आलं नसतं.

मी हिंदुरावांपुढं उभा राहिलो. "आबा, काल मी जे बोललो ते..."

"ऱ्हाऊ द्या, सर. तुमचं पुस्तक चुकलं न्हाय. आमचाच एक मानूस जादा निगाला." त्यांनी तंबाखू मळली आणि माझ्यापुढं धरली. मी खात नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी चिमूटभर घेतली.

ऋषिराज आला. त्याच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यानं डोणीत हात घालून एक दगड काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला. मग दुसरा काढला.

"ह्यो माजा," तो म्हणाला. "आन् ह्यो आण्णांचा. आण्णांचा आजपास्नं म्या उचलनार. ध्यानात ठिवा समदी."

एक-दोघांनी मान हलवली.

तो गेल्यावर थोड्या वेळानं झुंबर आला. त्यानं डोणीत हात घातला, आणि थांबला. त्याची बोटं दगडांवरून फिरत राहिली.

"दादा गेला का म्होरं?"

"गेला," हिंदुराव म्हणाले. "त्येचा दगड घिऊन गेला."

"मग बरं झालं," झुंबर म्हणाला आणि एकच दगड उचलून खाली उतरला. त्याला कुणी अडवलं नाही. तेव्हा मला वाटलं, सुटला. थोडा आनंदही झाला.

धुकं आज विरळ होतं. डोणीपासून पाण्याचं ते बोट आणि त्याचं तोंड दिसत होतं. तिथं ऋषिराजची होडी वल्ही आवरून उभी होती. झुंबर तिथं पोचेपर्यंत ती हलली नाही. ज्या वेळेला सगळे एकमेकांना चुकवत फिरतात, त्या वेळेला तो वाट अडवून भेटायला थांबला होता. दोन होड्या अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या. काय बोलले ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. एकाकडे दोन, दुसऱ्याकडे एक. झुंबरचा हात पुढं गेला आणि रिकामा मागं आला.

"जाळी ऋषी ओढनार हाय त्येची," हिंदुराव माझ्याकडे न पाहता म्हणाले. "मासं सांजच्याला बनाकडं पोचत्यात."

"रोज?"

"रोज."

ऋषिराजची होडी आत गेली, टेकाडाच्या दिशेनं. झुंबरनं आपली वळवली. वल्हवणारा माणूस पाठमोरा असतो. म्हणून घराकडे येतानाही त्याचं तोंड पाण्याकडेच होतं आणि मला दिसत होती ती त्याची पाठ. तो सावकाश येत होता. एका ठिकाणी जरा वळला, जिथं खाली कुठला तरी कोपरा असणार. मग सरळ. होडीचा तळ चिखलाला घासून थांबला, तरी त्याची वल्ही आणखी दोनदा पाण्यात पडली.